आत्याचा कोरडा पदर

माझ्या आत्यानं कुरुंद्याच्या शिवारातल्या विहिरीवर निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत तिच्या लुगड्याला कधी पाणी लागलं नाही. यात काही विचारण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी हिंगोलीला एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, दुसऱ्यांच्या चुका काढण्यातच माझा दिवस जातो. तरी ही बाब माझ्या नजरेतून सुटली.

आत्या गावातच दिलेली. तिची शिकवणी एकेकट्याची. "एका दोराला एकच जीव," हा नियम. सात वर्षांचं लेकरू असो, पोलीस भरतीची तयारी करणारा गडी असो, की साठीची सासू, प्रत्येकाला वेगळी वेळ. पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक आत्याच्या हातात. ती काठावर उभी राहून बोलायची. बोलायची म्हणजे उद्धार करायची. मागच्या दिवाळीत, ऐन चाळिशीत, मी तिच्याकडे शिकले तेव्हा माझ्या वाट्याला आलं ते असं: "आगं, म्हैस बी पान्यात तोंड वर धरती. तू काहून खाली घालून राहिलीस? तळाला काय सोनं दिसून राहिलं का?" त्या रागातच हातपाय हलायला लागायचे. पंधरा दिवसांत मी पोहू लागले.

काठावर आणखी एक बाई कायम असायची, शेजारची काकू. आत्याच्या पाठीमागे दगडावर बसून ती गावभरच्या बातम्या सांगायची आणि आत्याच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवायची. "वाऱ्यानं उडून राहिलाय," म्हणायची. वारा असो नसो. आत्या करवादायची, "सोड की, मी काय पळून चालले?" काकू काही सोडत नसे. मला वाटायचं, हिला दुसरं काही काम नाही.

यंदा गावातल्या एका शेतकऱ्यानं हळदीसाठी शेततळं केलं. हा आत्याचाच जुना विद्यार्थी. दिवाळीच्या आधी तळं तुडुंब भरलं आणि याच्या मनानं घेतलं, फीत कापायला पुढारी कशाला? पाडव्याला पहिली उडी आत्याची. गावाला पोहायला शिकवलं, तर मान तिचाच. आत्यानं सगळ्यांसमोर तोऱ्यात हो म्हटलं. मग सुट्टीला आलेल्या मला हाताला धरून गोठ्यामागं नेलं.

"मला पोहता येत न्हाई," ती म्हणाली.

मी हसले. ती हसेना, तेव्हा मी थांबले.

"लहानपनी भाऊ पोहायचे, दोर माझ्या हातात. पोरीनं कसं उतरायचं पान्यात? वरून बघून बघून कोनाचं काय चुकून राहिलं ते मला बराबर दिसाया लागलं. मंग शेजारचं लेकरू आलं, मंग त्याची बहीन आली. माझा नंबर आलाच न्हाई बघ." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता हे कळलं तर कोन माझ्या हातात लेकरू देईल?"

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, मागोमाग एक दुष्ट आनंदही झाला. पाडव्यापर्यंतचे आठ दिवस आत्या पाण्यात असणार होती आणि बोलणार मी होते.

गावच्या विहिरीवर हे जमण्यासारखं नव्हतं. शिरड शहापूरच्या अलीकडे माझ्या मैत्रिणीच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. फराळाचं अर्धवट टाकून रोज सकाळी मी आत्याला स्कूटीवर घालून तिकडे न्यायची. गावात सांगितलं, औंढ्याला दर्शनाला चाललो. ओल्या केसांबद्दल कुणी विचारलं तर, देवाला जायचं तर आंघोळ नको का? पुरावा म्हणून परतताना शिरडच्या दुकानातून पेढे घ्यायचो आणि प्रसाद म्हणून काकूपासून गल्लीभर वाटायचो. देवाच्या नावावर खोटं बोलतो म्हणून आत्या रोज कानाला हात लावायची. पहिला पेढा मात्र तीच खायची.

पहिल्या दिवशी ती तिसऱ्या पायरीवर बसली ती उठेना.

"पानी थंड हाय."

"आत्या, पाणी थंडच असतं. गरम असतो तो चहा." हे तिचंच वाक्य. वर्षभर मी ते जपून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गळ्याएवढ्या पाण्यात आली आणि माझ्या मानेला अशी मिठी मारली की दोघींच्याही नाकातोंडात पाणी. "आगं आत्या, म्हैस बी..." मी सुरू केलं. "म्हशीचं नाव काढू नको!" ती ओरडली, आणि त्या तिरमिरीत माझी मान सोडून तिनं दोन हात मारले. सातव्या दिवशी डब्याशिवाय ती या भिंतीपासून त्या पायरीपर्यंत गेली, पायरी धरली आणि पाण्यातच रडायला लागली. मीही रडले. मग आम्ही पेढे घ्यायला गेलो.

पाडव्याला सगळं गाव तळ्यावर. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की पाय ठरत नाही, चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून पलीकडून गाठी मारलेला दोर सोडला होता आणि तो धरून आत्याचे विद्यार्थी उभे होते. अलीकडे दोन गडी नुसत्या चड्ड्यांवर तयार. मला तेव्हा ते आगाऊ वाटले. आत्यानं काष्टा घट्ट केला, पदर कमरेला गुंडाळला आणि उडी मारली. उडी कसली, घरंगळलीच. ती दिसेनाशी झाली.

मग डोकं वर आलं, आणि गाव ओरडायला लागलं. "तोंड वर!" "पाय मार, पाय!" "आत्या, म्हैस बी तोंड वर धरती!" मला हसू आवरेना. हसता हसता ध्यानात आलं की पोहता येणाऱ्याला कुणी असं ओरडत नाही. शिकणाऱ्याला ओरडतात.

आत्यानं दोर पकडला. पाच-सहा जणांनी तिला ओढून वर घेतलं. काकू टॉवेल घेऊन सगळ्यांच्या आधी पोचली होती. तिनं टॉवेल आत्याच्या खांद्यावर टाकला आणि बांधावर बसकण मारली.

"झालं बाई. सुटले मी पदर धरायच्या कामातून."

"तुला ठावं होतं?" आत्यानं विचारलं.

"सगळ्याईला ठावं हाय. तुझा पाय घसरंल म्हनून तर धरून बसायची. तू बी एकदा उतरावं म्हनूनच हा उडीचा मान, ते दोन गडी बी त्याच्यासाठीच. आन् ते पेढे औंढ्याचे नव्हते, ते बी ठावं हाय."

"मंग इतके वर्सं बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तर तू दोर सोडला असतास. आमची लेकरं कोनी शिकवली असती?"

आत्यानं कमरेचा पदर सोडला, पिळला आणि त्याचं ओलं टोक काकूच्या हातात दिलं.

"उद्या सकाळी नवं लेकरू येनार हाय," ती म्हणाली. "धरायला येजो."