आईला धरणारी मी

अंगात ताप असेल तर तेल लावायचं नाही. पाय लाल, गरम, सुजलेला असेल तर चोळायचा नाही. जखमेवर तर अंगठा टेकवायचाही नाही. हे मी काढलेल्या पत्रकात छापलेलं आहे, आणि कुरखेड्याच्या बाजारात ते मी लोकांच्या हातात कोंबते. तुले मालिशवाल्यांचा काऊन एवढा राग, असं विचारतात. म्हणून सरळ लिहिते.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत आईच्या पोटरीत काटा मोडला. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला आणि ती तापानं थरथरायला लागली. बाबांनी शेजारच्या गावच्या मालिशवाल्याला आणलं. त्याच्या दारावर 'आयुर्वेदिक' अशी पाटी होती. तापात मालिश नको, हे आयुर्वेदच सांगतो. पण पाटी रंगवायला पुस्तक उघडावं लागत नाही.

त्यानं मोहाच्या बियांचं तेल तापवलं. बाबांनी आईची कंबर दाबली, काकांनी चांगला पाय, आणि उशाशी बसून मी तिचे दोन्ही हात धरले. त्यानं तिच्या मांडीवर गुडघा रोवला आणि दोन्ही अंगठे पोटरीत घातले. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी फक्त डुक्कर मारताना ऐकला होता.

"पक्की धर वो पोरी," तो म्हणाला. "दुखून राह्यलं म्हणजे निघून राह्यलं."

आईनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं, तरी मी सोडलं नाही. काका हसले. आता बैल पाडायला हिलाच न्यायची, म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडलं. 'सोड मले' असं आई म्हणत होती. बाबांना नाही, त्याला नाही, मला.

शेवटी कातडी फाटली. पू आणि रक्त तेलात कालवलं गेलं. ते फडक्यावर टिपून त्यानं आम्हाला दाखवलं, निघाली घाण म्हणून. बाबांनी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सूज मांडीवर चढली, आई बरळायला लागली. गडचिरोलीच्या दवाखान्यात सांगितलं, चोळून चोळून तुम्ही पू आत ढकललात. आई वाचली. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

पत्रक पहिल्यांदा छापून आलं तेव्हा खाटेवर बसलेल्या आईला मी ते मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. मालिशवाल्यांना त्यात मी सोलून काढलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"धरणाऱ्याचं काहीच नाई लिहिलं," ती म्हणाली.

आता पत्रकाची पहिली ओळ तिची आहे: माणूस 'सोड' म्हणाला की धरणाऱ्यानं आधी सोडायचं. बाजारात लोक ती वाचून विचारतात, याचा तेलाशी काय संबंध? मी संबंध सांगते. मनगटावर तिच्या दातांचे वण अजून दिसतात.