कुंकू लावलेली घोडी

चेन्नईजवळ ओरगडमला आमच्या कारखान्यात मोटारींच्या सीट तयार होतात. फोमवर शिवलेलं कव्हर चढवायचं काम बायका करतात, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. कव्हर घट्टच असावं लागतं, नाहीतर सीटवर चुण्या पडतात. ते मनगटाच्या जोरावर ओढत ओढत खाली आणायचं, दिवसभर. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये या बायका एकमेकींची मनगटं चोळत बसतात. मी आवडी नावाच्या उपनगरातून त्याच बसने जाते-येते, त्यामुळे ते सारखं डोळ्यांसमोर असायचं. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी बाई एकदा मला म्हणाली, "अक्का, दिवाळीनंतर नोकरी सोडते. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा धरवत नाही." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, नुसतं सांगत होती.

माझं काम कारखान्यात नव्या कल्पना जोपासण्याचं. पाटीवर नाव भलंमोठं, प्रत्यक्षात भंगाराच्या शेडला लागून एक कोपरा आणि हाताखाली तिरुनेलवेलीची एक इंजिनिअर मुलगी. माझ्याआधी इथे सूचना देणाऱ्याला स्टीलचा डबा मिळायचा. मग काय, 'पंखे पुसावेत', 'दाराला तेल घालावं' असल्या सूचनांचा पाऊस! मी ती डबे वाटायची योजना आल्या आल्या बंद केली आणि त्या मुलीला बसमधली मनगटं दाखवली.

तिने एक लोखंडी स्टँड बनवला. वरच्या आकड्यांना कव्हर अडकवायचं, पायाने पेडल दाबायचं, की फोम खालून वर सरकून कव्हरात जातो. हाताने ओढायचं कामच नाही. मी त्याला आमच्या साताऱ्याकडच्यासारखं घोडी म्हणायला लागले, आणि बघता बघता सगळा कारखाना घोडीच म्हणायला लागला. पण घोडी अजून कच्ची होती. आकडे फार उंचावर होते. कव्हर अडकवताना बायकांना टाचा उंचावाव्या लागत आणि मनगट उलटं वळे. मुलगी रोज ती उघडायची, काहीतरी बदलायची, पुन्हा जोडायची. नवी वस्तू अशीच होते, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

एवढ्यात आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पूजतात ना, तेच, पण इथे त्याचा थाट और असतो. सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायची, चंदन-कुंकवाचे टिळे, बाजूला केळीचे खांब, दारात कोहळा फोडायचा, मग सगळ्यांना चुरमुरे-फुटाणे. मला हा दिवस फार आवडतो. तेलकट हातांची माणसं इतकी देखणी एरवी दिसत नाहीत.

आमचे मोठे साहेब तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्पिढ्यांची जुनी मराठी, तिला तमिळचा हेल. माझ्याशी ते हौसेने मराठीच बोलतात. त्या दिवशी त्यांची नजर कोपऱ्यातल्या घोडीवर गेली. त्यांनी चार माणसांकरवी ती उचलून शेडच्या मधोमध आणवली, स्वतः टिळा लावला, हार घातला, आरती ओवाळली आणि जाहीर केलं, "अशाच आणखी घोड्या दिवाळीच्या आधी बनतील." टाळ्यांचा कडकडाट. साहेबांनी बायकांना विचारलं, "कशी आहे?" सगळ्या एका सुरात, "सुपर सार!" ती जुनी बाईसुद्धा.

मी कपाळाला हात लावला.

सण सरल्यावर मुलगी पाना घेऊन घोडीजवळ गेली, तर दुरुस्ती विभागाच्या फोरमनने तिला अडवलं. "साहेबांच्या हातची पूजा झालीय. आता ही उघडायची कशी?" तो आडमुठेपणा करत नव्हता, त्याला खरंच भीती वाटत होती. बाकीच्या यंत्रांची पूजा झाली तरी ती रोज उघडतात, त्याचं काय? तर ती जुनी, पक्की झालेली यंत्रं. ही साहेबांनी पसंत केलेली, जशी आहे तशी. हिला पाना लावणं म्हणजे साहेबांची चूक काढणं. हार सुकला, तरी तोही कुणी काढेना. मुलगी बिचारी रडवेली झाली. तिकडे नव्या घोड्यांसाठी लोखंड येऊन पडलं होतं. म्हणजे तेच उंच आकडे, तीच उलटी मनगटं, आता जागोजागी!

माझं डोकंच फिरलं. तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तुम्ही माझं काम बंद पाडलंत."

"काय मा, येवढा कोप?" ते दुखावले. "तुमच्याच कामाला मी मान दिला न?"

"मान नंतर द्यायचा होतात! अर्धी शिजलेली भाजी नैवेद्याला ठेवलीत. आता तिच्यात मीठ कोण घालणार?"

"पण बायका तर सुपर म्हणाल्या."

"गळ्यात हार घातलेल्या गोष्टीला तुमच्यासमोर नावं कोण ठेवेल, सर? तुम्ही आरती करून विचारलंत. विचारून आरती करायला हवी होती."

बोलून गेल्यावर वाटलं, आता काही खरं नाही. साहेबांनी समोरचा पेपरवेट बाजूला सारला. रागावले की काय, कळेना. मग उठले आणि थेट शेडमध्ये गेले. मी मागोमाग.

त्यांनी घोडीला नमस्कार केला, सुकलेला हार काढला आणि फोरमनपुढे हात केला, "पाना." पहिला बोल्ट त्यांनी स्वतः सैल केला. मग पाना मुलीच्या हाती दिला. फोरमनचा चेहरा असा सैलावला की मला हसूच आलं. मुलीने आकडे भराभर खाली घेतले.

साहेबांनी त्या जुन्या बाईला बोलावलं. तिने कव्हर अडकवलं, पेडल दाबलं. सीट तयार. सगळे कामं सोडून बघत उभे. साहेबांनी तमिळमध्ये विचारलं, "आता बरं आहे?"

तिची मान सवयीने होकाराकडे झुकली. माझा जीव टांगणीला. मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "इल्लै सार. वलिक्कुदु." नाही साहेब, दुखतंय.

"सरी," म्हणजे बरं, साहेब तमिळमध्येच म्हणाले. "कुठे दुखतंय, ते हिला दाखवा." आणि स्वतः दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

बाईने आधी मनगट दाखवलं. मग खांदा. मग म्हणाली, हा आकडा आत घ्या, तो बाहेर, पेडल जरा डावीकडे. मुलगी गुडघ्यांवर बसून बोल्ट फिरवत होती, बाई तिच्या डोक्यावरून सांगत होती. आधी दबक्या आवाजात, नंतर चांगली खडसावून. "अगं तिकडे नाही, इकडे!" माझे डोळे भरून आले, लपवलेही नाहीत. जेवणाची घंटा झाली, सगळी शेड रिकामी झाली, आणि दिवाळीनंतर नोकरी सोडणार होती ती बाई काही तिथून हलेना.