चंदनी हारातले निळे चित्र

पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर मला शाळेत नोकरी लागली. केवळ मला आवडते म्हणून एखादी वस्तू घरात आणावी, ही इच्छा त्याहूनही उशिरा झाली. दिग्रसच्या बाजारातील तसबिरींच्या दुकानात एक चौकट बरेच दिवस भिंतीला टेकून उभी होती: निळ्या रंगाचे दोन रुंद पट्टे आणि त्यांच्यामधून तिरपी गेलेली पिवळी रेघ. कुण्या परदेशी चित्रकाराच्या चित्राची ती छापील प्रत. मागवणाऱ्या साहेबांची बदली झाली आणि चित्र तिथेच राहिले. शाळेतून येताना मी त्याच्याकडे पाहत असे. आत शिरण्याचा धीर मात्र होत नसे.

एकदाची शिरले. दुकानदाराने काच पुसली आणि सराईतपणे चौकटीला चंदनी हार अडकवून दिला. कापसाची ती वाईट वर्षे होती. त्याच्या दुकानातून बहुतेक चौकटी तेव्हा हारासकटच बाहेर पडत. 'हार नको' हे शब्द मी मनात नीट जुळवले, आणि 'धन्यवाद' म्हणून निघाले.

गल्लीत शेजारीणबाईंनी हार पाहिला. मी चित्र बैठकीत टांगते न टांगते तोच डोक्यावर पदर घेऊन त्या दारात हजर.

"कोन गेलं वो बाई?"

"कोणी नाही."

"मंग फोटो कोनाचा?" त्यांनी जवळ जाऊन निरखले. "माय वो! याच्यात तं मानूसच नाही!"

सासूबाई आतून आल्या. बुद्धांची तसबीर आणि सासऱ्यांचा फोटो, याखेरीज त्या भिंतीवर आजवर काही लागले नव्हते.

"ज्याले हात नाही जोडाचे, ते भिताडावर कायले? उतरव."

मी उतरवायला खुर्चीवर चढले. चौकटीला हात लागला आणि तोंडून निघून गेले, "मला आवडलं म्हणून आणलंय, आई. राहू द्या ना."

आवाज इतका कापरा होता, की शेजारीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

सासूबाईंनी चित्राकडे, मग माझ्याकडे पाहिले. "बरं, राहू दे. पन हार तं काढ! जित्या मानसाच्या आवडीले हार घालतात काय? आन इकडं. तुह्या सासऱ्याचा पार झडला."

हार सासऱ्यांच्या फोटोवर गेला. शेजारीणबाई चहा पिऊन उठल्या, आणि जाता जाता माझ्या निळ्या पट्ट्यांना मनोभावे हात जोडून गेल्या.