हाताची सफाई

"हाताची सफाई बघा पोरीची. तांड्यावरची आहे ना! जाताना लॅपटॉप मोजून घ्या बरं."

आमचे सर माझ्याकडं बोट दाखवून हे वणीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलले. समोर कापूस-सोयाबीनचे व्यापारी बसले होते. सगळे हसले. पोट धरून नाही, सहज, रोजचंच असल्यासारखे. इरा माईक धरून पुढं उभी होती. तीही हसली.

मी मागं, खांबाजवळ, वायरींच्या गुंत्यात. तोंड तापलं. इरा मागं वळून म्हणाली, "नेक्स्ट." मी पुढचं पान उघडलं.

पडद्यावर दिसत होतं ते माझं काम होतं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा नेर तालुक्यात. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच भाषा. शाळेत कोणाचा पेन हरवला की पहिलं दप्तर माझं उघडायचे. सापडायचं काहीच नाही. पण दप्तर बंद करून द्यायचं कोणाला सुचायचं नाही. अमरावतीला कॉम्प्युटर शिकले आणि यवतमाळला नोकरीला लागले. टायरच्या दुकानावरचं छोटं ऑफिस, वेबसाइटी बनवणारं.

इरा माझ्यानंतर आली. वडिलांची कापसाची जिनिंग मिल, भरपूर ओलिताची शेती, शिक्षण पुण्याचं. पहिल्या दिवशी ती सरांना "काका" म्हणाली आणि सर उठून उभे राहिले.

मी तिच्यावर जळत होते. साधं नाही, हाडापर्यंत. तिच्या इंग्रजीवर, तिच्या केसांवर, ती खुर्चीत पाय वर घेऊन बसायची त्यावर. सगळ्यात जास्त जळायचे ती चुकायची तेव्हा. तिचा कोड फसला की ती हसायची, "अरे यार, गेलं बघ!" आणि सर म्हणायचे, "होतं बेटा." माझं काही फसलं की सर मान हलवायचे. ती चुकली की ती चुकायची. मी चुकले की माझा तांडा चुकायचा.

आणि ती वाईट नव्हती. हेच तर. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

वणीच्या या व्यापाऱ्यांना रोजचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दाखवायचे होते. इरानं ॲप बनवलं. ऑफिसात झकास चालायचं. पण मारेगावकडून फोन यायला लागले, पांढरं दिसतं म्हणून. मी घरी गेले तेव्हा याडीच्या, म्हणजे आईच्या, मोबाइलवर उघडून पाहिलं. नुसता कोरा पडदा. तिनं मोबाइल उलटा केला, पदरानं पुसला. म्हणाली, "काई वेगो?" काय झालं? मला सांगता येईना.

झालं होतं असं. आमचा सर्व्हर मोबाइलला रिकामा सांगाडा पाठवायचा. भाव कुठं, नाव कुठं, हे सगळं मोबाइलनंच उतरवून घ्यायचं आणि मांडायचं. महागडा मोबाइल ते झटक्यात करतो. जुना मोबाइल आणि रडतखडत येणारी रेंज असली की माणूस कोऱ्या पडद्याकडं बघत बसतो. इलाज होता. पान सर्व्हरवरच पूर्ण तयार करायचं, वाचता येईल असं पाठवायचं. मग मोबाइलमधल्या ब्राउझरनं तेच पान ताब्यात घ्यायचं आणि बटणं चालती करायची.

हे मला इरानंच शिकवलं. खिडकीच्या काचेवर मार्करनं चित्र काढून. इतकं सोपं करून सांगितलं की मला रडू आलं, रागानं. हिला हे कोणी आणि किती लाडानं शिकवलं असेल, हाच विचार डोक्यात.

मग ती बहिणीच्या लग्नाला गेली आणि तिकडंच रमली. काम माझ्यावर आलं. सर्व्हरनं बनवलेलं पान आणि ब्राउझरनं बनवलेलं पान अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. जुळलं नाही तर ब्राउझर आलेलं पान टाकून देतो आणि नव्यानं मांडतो. आमच्या सर्व्हरचं घड्याळ परदेशी वेळेवर होतं, मोबाइलचं आपल्या. सकाळी उघडलं की आधी कालची तारीख यायची, मग पान थरथरायचं, मग आजची. शेतकरी कोणता भाव खरा समजणार? किती दिवस मी त्यातच होते. चुकत होते, पुन्हा करत होते. शेवटी पान थरथरायचं थांबलं. इरा परत आली, बघून म्हणाली, "वा! मस्त केलंस गं." मनापासून म्हणाली. मला ते दान दिल्यासारखं वाटलं.

आणि मग वणी.

परतताना गाडीत सर पुढं, आम्ही दोघी मागं. राजूरच्या बाजूनं येणारे कोळशाचे ट्रक आडवे येत होते. इरा हळूच म्हणाली, "काका मजाक करतात गं. मनावर नको घेऊ."

मी काचेबाहेर पाहत राहिले. तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारला. त्या हॉलमध्ये मला नेमकं कुठं उभं राहायचं होतं? उत्तर आलं, इराच्या जागी. म्हणजे हसणाऱ्यांत. माझ्यासारखीच दुसरी कोणी खांबाजवळ वाकलेली असती, आणि मी माईक धरून हसले असते. इतके दिवस मी त्यासाठी जळत होते.

सोमवारी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. नागपूरच्या मोठ्या कंपनीला काम दाखवायचं होतं.

"इरा बोलेल. तू मागं बस. आणि तिथं तोंड उघडू नको. तुझं ते मले-तुले ऐकलं की आपण खेडवळ वाटतो."

मी म्हणाले, "मी मागं नाही बसत, सर."

"काय?"

"काम मी केलं. मीच सांगीन. आन वणीले तुम्ही जे बोलले, ते वापस घ्या."

"काय बोललो मी?"

"हाताची सफाई. लॅपटॉप मोजून घ्या. कायले म्हटलं तसं?"

सर हसले. "अगं, मजाक होता तो."

"मले हसू नाही आलं."

इरा मध्ये म्हणाली, "त्यांचा हेतू तसा नव्हता गं."

"हेतू त्यांच्यापाशी ठेवा म्हना. मले शब्द वापस पायजे."

सरांचं हसू गेलं. "नोकरी करायची आहे की नाही?"

"करायची आहे. पुढं उभी राहून."

"मग दुसरीकडं बघ."

इरा मान खाली घालून लॅपटॉपच्या स्क्रीनकडं पाहत राहिली. तेवढंच. मी बॅग उचलली आणि जिना उतरले.

नागपूरचं काम त्यांना मिळालं. इरा छान बोलली म्हणे.

मी आता नेरमध्ये एका खोलीत एकटीनं काम करते. मिळतं तसं. अजून जळते. इराचं नाव ऐकलं की छातीत कळ येते. ती कळ जाऊ नये असं वाटतं, तीच मला उभी ठेवते. कोणी म्हणतं, मन मोठं कर. नाही करत. माझं मन लहान नाहीच, त्याला जागा लहान दिली.

मला इरा व्हायचं नाही. तिला जे जन्मताच मिळालं ते मला पाहिजे, आणि ते घेताना मी माझी बोली दाराबाहेर काढून ठेवणार नाही. माझं काम माझ्याच तोंडानं सांगीन. कोणी हसलं की तिथंच थांबून विचारीन, "काहून हसले?" उत्तर मिळेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवीन. काम गेलं तर जाऊ दे. मान आता खाली जाणार नाही.