मर्टलचा न उघडलेला डबा

मर्टल स्टॅन्सबरीचं नाक म्हणजे नाक! लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत जुन्या फिल्मच्या कोठारावर ती कामाला. डबा उघडायचा, हुंगायचा. आंबूस वास आला की समजायचं, फिल्म सडायला लागली, ताबडतोब नक्कल काढून घ्यायची. इतरांच्या फिल्म तिने पोटच्या पोरांसारख्या जपल्या. एकच डबा ती कधी उघडत नसे. तो तिचा स्वतःचा.

बोलपट नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. तरुण मर्टलने एका बोलपटात गाणं म्हटलं होतं. त्या काळी चित्र फिल्मवर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. पुढे स्टुडिओवाल्यांची अक्कल बघा: चित्रं कुलपात ठेवली आणि तबकड्या अडगळ म्हणून फेकून दिल्या! आता पडद्यावर मर्टल नुसते ओठ हलवायची. त्यात गळ्याचं ऑपरेशन झालं, गाता आवाज गेला तो गेलाच. आपलं ते मुकं तोंड तिला बघवेना, म्हणून डबा बंद.

नवरा एर्विन त्यानंतर भेटलेला. "आमची बायको गायची म्हणे," तो शेजाऱ्यांना सांगे, "आणि मी राजाचा जावई होतो!" मर्टल हसायची, पण तिला लागायचं. एकदा तरी याने आपल्याला गाताना बघावं, एवढीच तिची आस होती.

आणि एक दिवस बेकर्सफील्डहून थर्ल बीझ्ली आला. म्हातारा, जन्मभर थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलेला, काखेत भली मोठी तबकडी.

"बाई, ही तुमचीच ना हो?"

तबकडीच्या लेबलावर चौकोन असत. दर खेळाला एक फुली मारायची. चौकोन भरले की तबकडी झिजली, फोडून टाकायची, असा नियम.

"अहो, पण फुल्या तर सगळ्या भरल्यात!" मर्टल म्हणाली.

"खोट्या आहेत! गाणं फार आवडलं. एका बैठकीत सगळ्या फुल्या मारल्या आणि घरी नेली. चोर म्हणा हवं तर."

मर्टल त्याचा हात धरून भर ऑफिसात रडली.

मग ती धावतच कोठारात गेली. डब्याचं झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आत फिल्म नव्हतीच, तपकिरी चिकट लगदा होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दरवर्षी एकदा हुंगला असता तर!

"मीच मारलं हिला," ती पुटपुटली. सडलेली फिल्म आपोआप पेट घेते, म्हणून ती पाण्याच्या पिंपात बुडवायची असते. तिने स्वतःच्या हाताने बुडवली.

रविवारी तिने एर्विनला स्टुडिओतल्या छोट्या खोलीत नेलं. पडदा पांढराच होता. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि आवाज आला. कोवळा, मोकळा, खोली भरून टाकणारा. एर्विनची मस्करी कुठच्या कुठे पळाली. त्याचे डोळे भरून आले.

"अगं, पण मी बघू कुठे?"

मर्टल उठून पडद्यापुढे उभी राहिली. गाण्याचे शब्द तिला अजून पाठ होते.

"माझ्याकडे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि ओठ हलवू लागली.