मिररलेस येईपर्यंत

आमच्या पवनीच्या तलावाच्या पाळीवर मला तो रोज सकाळी दिसतो. गळ्यात जुना डीएसएलआर, त्याला हातभर लांब लेन्स आणि अंगात खिशाखिशांचं जॅकेट, ज्यावर चिखलाचा एक डाग नाही. नाव मी विचारलेलं नाही आणि विचारायची इच्छाही नाही. कुणी नुसता नमस्कार केला तरी तो सांगतो, "हा इकून नवा मिररलेस कॅमेरा घ्याव का नाही, इचार करून राहिलो." मग फोकस, वजन, बॅटरी यांवर प्रवचन सुरू होतं. ढिवर जाळं ओढून, मासे घेऊन घरी जातात, तरी ते संपत नाही. बोलताना तो सारखा लेन्स पुसत असतो. ती मळते कधी, देव जाणे.

परवा समोरच्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी उतरली. हल्ली आमच्याकडे सारस दिसणं म्हणजे नशीबच. दोघांनी पंख पसरले आणि नाचायला लागले. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पोटभर पाहिलं आणि लेन्सला झाकण लावून टाकलं.

"काहून जी, फोटो नाही काढला?" मी विचारलं.

"हा आता विकाचा हाय ना. फोटो काढला का शटरचा आकडा वाढते, मंग एक्सचेंजमंदी भाव पडते."

सारस उडून गेले. मी मोबाइलवर काढलेला धूसर फोटो त्याने वाकून पाहिला आणि नाक मुरडलं.

"मोबाइलचं असंच रायते," तो म्हणाला. "बरं, मले पाठवून द्या जी. स्टेटसले ठेवतो."