बहात्तराव्या पानापुढे कोणी गेलं नाही

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला सगळे डिंकराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. बोटांवर सुकलेल्या डिंकाचे पापुद्रे, चष्म्याच्या तुटक्या दांडीला दोरा आणि बोलण्यात थोडा तिरकसपणा. एखादी जुनी कादंबरी दुरुस्तीला आली की आधी ती मिटून उजेडात धरायचे आणि पानांची कड बघायचे.

"बोटांचा मळ लागतो, ताई. जिथे मळ संपला, तिथे माणूस उठला. ही सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचली. आणि ही बघा, नायकनायिकेचं लग्न लागलं आणि मंडळी पांगली."

आम्ही दोघंही हसायचो.

त्या खोलीत आणखी एक खुर्ची होती, त्यांच्या बायकोची. चार वर्षांपासून तिची आठवण विरत चालली होती. घरी एकटी ठेवली की ती बाहेर पडे. एकदा पूल ओलांडून गेली आणि संध्याकाळी सापडली, पायात चप्पल नाही. तेव्हापासून डिंकराव तिला रोज सकाळी कामावर घेऊन येत. ती टेबलाशी बसून रद्दी कागदांच्या घड्या घाली आणि दर थोड्या वेळाने विचारी, "अहो, घरी कधी जायचं?"

"एवढं एक पुस्तक झालं की," ते न कंटाळता सांगत.

वाचनालयाची तरुण ग्रंथपाल मनाने चांगली, तिने कधी हरकत घेतली नाही. दुसऱ्या कुठल्याही कामाच्या जागी हे चाललं नसतं. हे डिंकरावांना ठाऊक होतं आणि मलाही.

आता माझ्या चुकीकडे येते. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते. त्या वर्षी एका कादंबरीचा फार बोलबाला झाला होता. मोठा पुरस्कार, वर्तमानपत्रांत पानपानभर कौतुक, जो तो म्हणे वाचलीच पाहिजे. मी सभेत सुचवलं की तिच्या साठ प्रती घ्याव्यात. प्रत्येक सभासदाने आधी ती न्यावी, आणि ती वाचून परत केल्याशिवाय त्याला दुसरं पुस्तक मिळू नये. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या मदर असंच करत, सगळ्या वर्गाला एकच पुस्तक. अध्यक्ष माझ्या यजमानांचे जुने मित्र. त्यांनी टेबलावर थाप मारली. "वहिनी, याला म्हणतात दृष्टी!"

तोवर मी कादंबरीची परीक्षणं वाचली होती, कादंबरी वाचली नव्हती.

मग वाचायला घेतली. सहाशे चाळीस पानं. एक माणूस खिडकीशी बसतो आणि त्याला आपल्या काकाची आठवण येते. पन्नास पानं उलटल्यावर त्या काकाला त्याच्या काकाची आठवण येते. अडुसष्टाव्या पानावर मी पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलं नाही. वाटलं, दोष माझाच. वय झालं, लक्ष लागत नाही. एवढे जाणकार काय उगाच वाखाणतात? अभिप्रायाच्या वहीत पहिली नोंद मलाच करायची होती. मी लिहिलं, "मन खोलवर ढवळून काढणारा अनुभव." खाली सही केली, तारीख घातली. माझ्यामागून आलेल्यांनी ते वाचलं आणि साधारण तसंच लिहिलं. कोणी 'थक्क' झालं, कोणी 'अंतर्मुख'. मठ्ठ ठरायची कोणाचीच तयारी नव्हती.

सहा महिने तेच एक पुस्तक घरोघर फिरलं. बाकीची कपाटं जवळजवळ बंदच होती. मागच्या खोलीत काम येईनासं झालं, कारण न वाचलेलं पुस्तक फाटत नाही.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला डिंकरावांनी मला आत बोलावलं. टेबलावर त्या कादंबरीच्या पंचवीसेक प्रती रचल्या होत्या.

"कड बघा. बहात्तर. ही सत्तर. ही पुन्हा बहात्तर. पुढे सगळं कोरं करकरीत. बहात्तरला पहिलं प्रकरण संपतं. माणसं कशीबशी तिथवर पोचली आणि पसार झाली." त्यांनी एक प्रत माझ्यापुढे सरकवली. "ही तुमची, तुमच्यानंतर कोणाकडे गेलीच नाही. तुम्ही तर चार पानं आधीच उठलात."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"ताई, गेल्या महिन्यात माझ्याकडे सात पुस्तकं आली. अध्यक्ष म्हणतात, काम नाही तर खोली कशाला? अठराला सभा आहे. इथे त्या लेखकाच्या फोटोंचं दालन करायचंय त्यांना." बायकोकडे बघत त्यांनी आवाज उतरवला. "हिला घेऊन मी कुठे जाऊ? तुम्ही नुसतं खरं सांगा. पुस्तक कोणालाच आवडलेलं नाही, ही योजना बंद करा म्हणावं. बाकीची पुस्तकं फिरायला लागली की माझ्याकडे काम येईलच. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

"सांगते," मी म्हणाले.

"सभेच्या आधी सांगा हं. सभेत ते ठराव लिहूनच आणतात."

दहा तारखेला मी अध्यक्षांना फोन केला आणि प्रकृतीची चौकशी करून ठेवून दिला. अकराला आणि बाराला माझं डोकं दुखत होतं, डिंकरावांना तसा निरोपही दिला. चौदाला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने चहा केला. म्हणाल्या, "तुमचा अभिप्राय वाचला आणि मीही ते पुस्तक आणलं बरं का. तुमच्यासारखं वाचता यायला हवं हो!" मी चहा प्यायले आणि परत आले.

सोळाला ग्रंथपाल म्हणाली, "मावशी, गंमत ऐका. ती कादंबरी एकदम फाटायलाच लागलीय. दोन दिवसांत एकोणीस प्रती दुरुस्तीला गेल्या."

मी मागच्या खोलीचं दार ढकललं. डिंकराव एक प्रत गुडघ्यावर उलटी धरून तिची पाठ मोडत होते. शेजारी त्यांची बायको बशीतल्या काजळीत अंगठा बुडवून पानामागून पान उलटत होती. शांतपणे, एकही पान न गाळता.

"डिंकराव, हे काय चाललंय?"

"वाचन. कोणीतरी वाचायला नको?"

"अहो, पण असं..."

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

मी दार मागे लोटून घेतलं.

"मग राहू द्या. ढीग दिसला की खोली टिकेल." तीस वर्षं ते सुट्या पानांना टाके घालत आले होते. प्रत मोडल्याचा आवाज झाला तसे ते स्वतःच दचकले.

अठराच्या सभेत अध्यक्षांनी त्या फाटक्या प्रती टेबलावर मांडल्या. "बघा! फाटेस्तोवर वाचलं लोकांनी!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी ठराव वाचला. आणखी शंभर प्रती घ्यायच्या, त्याही कारखान्यात पक्की बांधणी केलेल्या. दहा वर्षं त्यांना सुई लावावी लागणार नाही. "म्हणजे बांधणीची खोलीही आता नको. दालनाला जागा झाली."

डिंकराव बायकोचा हात धरून दाराशी उभे होते. मी उठले.

"हे पुस्तक कोणीही बहात्तराव्या पानापुढे वाचलेलं नाही. मी अडुसष्ट पानं वाचली. मला ते अजिबात आवडलं नाही."

अध्यक्ष हसले. त्यांनी अभिप्रायाची वही मागवली आणि माझं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. "वहिनी, हे अक्षर कोणाचं?"

"माझं. पण लिहिलंय ते खोटं आहे."

"असं? मग एकोणीस प्रती काय उंदरांनी वाचल्या?"

सगळे हसले. उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते द्यायचं तर डिंकरावांना पुढे करावं लागत होतं.

"मी फाडल्या," डिंकराव दारातून म्हणाले. "हिचा यात काही दोष नाही. हिला मी सांगितलं तसं हिनं केलं."

हसणं थांबलं. त्यानंतर जे झालं ते पाच मिनिटांत आटोपलं. वाचनालयाच्या पुस्तकांची नासधूस केली म्हणून त्यांना काढलं आणि शनिवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. मी विरोधात हात वर केला, एकटीने. शंभर प्रती महिन्याभरात आल्या.

डिंकरावांना एका गोदामात खोकी चिकटवायचं काम मिळालं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तिथे बायकोला आत घेत नाहीत. ते तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावतात. हे कळल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

"किल्ली माझ्याकडे देत चला. दुपारभर मी बसेन तिच्यापाशी."

ती त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसली होती.

"नको, ताई."

"का हो?"

"राग मानू नका. तुमचं मन चांगलं आहे. पण एखाद्या दिवशी तुमचं डोकं दुखेल. किंवा दार उघडं राहील आणि ही निघून जाईल. मला शोधायलासुद्धा सुट्टी मिळायची नाही."

ते दारापर्यंत पोचवायला आले, जिन्यात अंधार आहे, जपून उतरा म्हणाले.

तरीही मी रोज दुपारी तीनला जाते आणि कुलपाबाहेर पायरीवर बसते. आतून ती दार ओढत असते. मी म्हणते, "मी आहे इथे." ती क्षणभर थांबते. मग पुन्हा ओढू लागते.